सीमाभागातील मराठी शिक्षकांनी वर्गकृती ऑनलाइन एकत्र कशा तयार कराव्यात?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका, हायस्कूल) – प्रश्न

सर्व भाषाशिक्षकांना नमस्कार.

खानापूर, बेळगाव ग्रामीण, निपाणी आणि चिकोडी या भागांत मराठी प्रथम भाषा शिकवणारे आम्ही काही शिक्षक गेल्या शैक्षणिक वर्षापासून एका व्हॉट्सअ‍ॅप गटात एकत्र आलो आहोत. वर्गात घेता येतील अशा कृती सर्वांनी मिळून तयार कराव्यात आणि एकाचे काम दुसऱ्याच्या वर्गात उपयोगी पडावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. आमच्यापैकी बहुतेकांच्या शाळेत मराठीचा शिक्षक एकच असतो. ‘हा घटक तुम्ही कसा घेतला’ असे शेजारच्या वर्गात जाऊन विचारण्याची सोय नसते, त्यामुळे ऑनलाइन एकत्र येणे ही आमची हौस नाही, गरज आहे.

गटात स्वाध्यायपत्रिका भरपूर येतात, पण त्यांतील बहुतेक महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेल्या असतात. बालभारतीची पुस्तके वेगळी आणि आपल्या मुलांच्या हातातील कर्नाटकची मराठी पुस्तके वेगळी. पाठ निराळे, त्यांचा क्रम निराळा. तिकडे शाळा जूनच्या मध्यावर भरतात, तर आपल्याकडे काम जूनच्या आरंभीच सुरू होते, तेही पहिली चाचणी डोळ्यांसमोर ठेवून. शिवाय तिकडे मराठी ही राज्याची भाषा असल्याने मुलाच्या कानावर ती दुकानाच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत सगळीकडून पडते, हे त्या पत्रिकांत गृहीत धरलेले असते. आपल्या मुलाला लिखित मराठी भेटते ती मुख्यतः पुस्तकात आणि वर्गाच्या फळ्यावर.

दुसरी अडचण आमची आमचीच आहे. एखाद्या शिक्षकाने मेहनतीने केलेली कृती गटात येते, चार जण हात जोडल्याची चिन्हे टाकतात आणि आठवड्याभरात ती सणांच्या शुभेच्छांखाली गडप होते. ती कोणी वर्गात घेतली का, घेतली तर मुले कुठे अडली, काय बदलावे लागले, हे कोणालाच कळत नाही. अशाने पत्रिकांचा साठा वाढतो, पण एकत्र काम होत नाही.

ज्यांनी असे काम दूर राहून एकमेकांबरोबर केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कशी करावी, कृती कोणत्या स्वरूपात ठेवावी आणि वेगवेगळ्या पाठांवर असलेल्या वर्गांना ती एकाच वेळी कशी लागू पडावी.

निपाणीचा मास्तर – उत्तर

मॅडम, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथेच आहे. कृती पाठावर बांधली की ती त्या पाठाबरोबरच संपते. ती भाषेच्या एखाद्या कौशल्यावर बांधावी, म्हणजे क्रमाने सांगणे, नेमके वर्णन करणे, ऐकून टिपणे, शंका विचारणे. आठवीचा पाठ कोणताही असो, ही कौशल्ये वर्षभर लागतातच, आणि एफएसाठी, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनासाठी, मुलांकडून ज्या कृती करून घ्यायच्या असतात त्यांतही ती चपखल बसतात.

आमच्या दोन शाळांनी मिळून केलेली एक कृती सविस्तर सांगतो. भाषाशिक्षणात ‘माहितीतील फट’ या नावाने ओळखली जाणारी रीत जुनी आहे: एकाजवळ जी माहिती आहे ती दुसऱ्याजवळ नसते आणि ती मिळवण्यासाठी बोलावे किंवा लिहावेच लागते. एका वर्गात दोन बाकांमध्ये ही फट मुद्दाम निर्माण करावी लागते. दोन गावांतल्या दोन शाळांमध्ये मात्र ती मुळातच असते, आणि ऑनलाइन कामाचा खरा लाभ मला यातच दिसतो.

पहिल्या शाळेतील मुले चार-चारच्या गटात बसून शाळेच्या फाटकापासून गावातील एका ठिकाणापर्यंतची वाट बारा वाक्यांच्या आत लिहितात. चित्र काढायचे नाही आणि गावाचे नाव घालायचे नाही. शिक्षक त्या हस्तलिखित पानाचा फोटो दुसऱ्या शाळेला पाठवतात. तिथली मुले केवळ ते वर्णन वाचून नकाशा काढतात आणि जिथे अडतात तिथल्या शंका लिहून नकाशाबरोबर परत पाठवतात. पहिल्या शाळेतील मुले आपल्या वाटेचा तो वाकडातिकडा नकाशा पाहतात, शंका वाचतात आणि वर्णन नव्याने लिहितात.

आमच्या एका गटाने लिहिले होते, ‘सरळ गेल्यावर मारुतीच्या देवळाजवळ वळायचे, मग विहीर लागते.’ तिकडून शंका आली की देवळाच्या अलीकडे वळायचे की पलीकडे, आणि कोणत्या हाताला. वर्गात त्यावर बराच वेळ वाद झाला, कारण लिहिणाऱ्या मुलाला अलीकडची बाजू शाळेकडची वाटत होती, तर त्याच्या शेजारच्या मुलीचे घर पलीकडे असल्याने तिला ती नेमकी उलट वाटत होती. वर्णन करणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत हे आधी सांगावे लागते, ही गोष्ट मुलांनी त्या वादातून आपण होऊन काढली. पुढच्या मसुद्यात ‘शाळेकडून येताना’, ‘डाव्या हाताला’, ‘देऊळ ओलांडल्यावर’ असे शब्द आपोआप आले. निबंधाच्या वहीवर ‘वर्णन स्पष्ट हवे’ असा शेरा मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. त्या शेऱ्याने जे साधत नव्हते ते दुसऱ्या गावातील एका अनोळखी वाचकाच्या शंकेने साधले.

यासाठी प्रत्येक शाळेत शिक्षकाचा एक फोन पुरतो आणि प्रत्येक टप्प्याला साधारण एक तास लागतो. मुलांना फोन देण्याची गरज नाही. मूळ वाटेचा खरा आराखडा पाठवणाऱ्या शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावा आणि शेवटी मुलांना दाखवावा.

एक पथ्य मात्र सांभाळावे. मुलांचे पहिले लेखन शुद्ध करून पाठवू नये. आपल्या भागातील मुलगी ‘मी गेलो, मी बघितलो’ असे बोलते आणि कधी तसेच लिहिते, किंवा ‘पण’ऐवजी ‘खरं’ लिहिते. ते जसेच्या तसे जाऊ द्यावे. दुसऱ्या शाळेतील मुलेही तशीच बोलत असल्याने त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. प्रमाण लेखनाकडे नेण्याचे काम दुसऱ्या मसुद्याच्या वेळी करावे, कारण तोवर मुलाला ते लेखन सुधारण्याचे कारण मिळालेले असते. शिक्षकाने आधीच लाल शाई फिरवली की मूल चुकण्याच्या भीतीने दोन ओळींवर थांबते.

दुसरी भाषा कन्नड (चिकोडी) – उत्तर

मी मराठी माध्यमाच्या शाळेत कन्नड शिकवते. माझी घरची भाषा कन्नड असून मराठी मी शाळेच्या आवारातच शिकले, तेव्हा लिहिण्यात काही उणे आढळल्यास सांभाळून घ्यावे.

निपाणीच्या सरांची नकाशाची कृती वाचताना सारखे वाटत होते की हीच वाट दुसऱ्या आठवड्यात कन्नडमध्ये लिहायला लावली पाहिजे. कन्नड शिकणाऱ्या मराठी मुलांची एक अडचण ठरलेली आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन वेगळी अक्षरे आहेत. मराठीत तो भेद लिहिला जात नाही, म्हणून मुलांना तो ऐकूही येत नाही. आता वाट सांगायची म्हटले की ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे आणि ‘नेरवागी’ म्हणजे सरळ हे दोन्ही शब्द पहिल्या तीन वाक्यांतच येतात. पहिल्यातील ए ऱ्हस्व आहे आणि दुसऱ्यातील दीर्घ. ‘ओळगे’ आणि ‘होगी’ यांच्या ओकारांचेही तसेच. हा भेद शिकवण्यासाठी मी निराळी शब्दयादी पाठ करून घेत असे. वाटेच्या वर्णनात तो कामाच्या ओघातच येतो.

उलट बाजूही सांगते. काही मराठी शाळांत आता घरी कन्नड बोलणारी मुले येतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना एकच लिंग, त्यामुळे ही मुले ‘विहीर आला’, ‘झाड आली’ असे लिहितात. वाटेतील खुणा, म्हणजे पार, विहीर, वड, टाकी, पूल, या त्यांच्यासाठी लिंगाचा उत्तम सराव ठरतात, कारण प्रत्येक खुणेसोबत ‘लागतो, लागते, लागतं’ यांपैकी एक निवडावेच लागते.

म्हणून माझी विनंती आहे की हा गट केवळ मराठीच्या शिक्षकांचा ठेवू नये. आपल्याकडे कित्येक गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात भरतात, मधल्या सुट्टीत मुले एकत्र खेळतात, पण दोन्हीकडच्या भाषाशिक्षकांनी एकत्र बसून एखादा तास आखल्याचे मला फारसे दिसलेले नाही. एकच कृती दोन भाषांत ठेवली तर ते काम आपसूक सुरू होईल. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ २०१५ पासून आहे. त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतील चित्रकथा आहेत आणि त्यांचे भाषांतर किंवा रूपांतर करून वर्गात वापरण्याची मुभा आहे. एकच चित्रकथा दोन्ही भाषांत मिळाली की अर्धा वर्ग एका भाषेतून आणि अर्धा दुसरीतून वाचून एकमेकांना सांगू शकतो.

पश्चिम खानापूर – उत्तर

आमची शाळा जंगलपट्ट्यातील आहे. पावसाळ्यात दिवसदिवस वीज नसते आणि फोनला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागते. पहिली ते पाचवी मिळून मुले थोडी आणि शिक्षक दोनच. पहिली ते तिसरीची मुले नलीकली या कर्नाटकातील कृतिआधारित पद्धतीने एकत्र बसून कार्डांवर काम करतात, चौथी-पाचवी बाजूला.

म्हणून एवढेच सांगणे आहे की कृती अशी असावी की ती आठवड्यातून एकदा उतरवून घेता येईल, एका पानावर मावेल आणि फळ्यावर लिहूनही घेता येईल. चित्रफिती आणि ऑनलाइन खेळ आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. नकाशाची कृती चालेल, कारण ती शनिवारी पाठवून पुढच्या शनिवारी उत्तर घेतले तरी बिघडत नाही. किंबहुना उत्तराची वाट पाहण्यात मुलांची उत्सुकता वाढते.

लहान मुलांसाठी वाटेऐवजी ‘माझ्या दप्तरात काय आहे’ किंवा ‘आमच्या परड्यात काय काय आहे’ अशी चार वाक्ये पुरतील आणि समोरच्या शाळेने त्यावरून चित्र काढावे. वाक्ये मुलांनी सांगावीत आणि शिक्षकांनी कार्डावर लिहावीत.

अक्षरजुळणी (शहापूर, बेळगाव) – उत्तर

मी निवृत्त शिक्षक असून सध्या मराठी-कन्नड मजकुराच्या जुळणीचे काम करतो. कृतींच्या आशयावर वरील मंडळींनी लिहिले आहे, मी फक्त ठेवण्याच्या पद्धतीविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, सर्वांनी युनिकोडमध्येच टंकलेखन करावे. आपल्याकडे अजूनही अनेकांच्या संगणकावर श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आहेत आणि कन्नडसाठी नुडीचे जुने फॉन्ट. ते नसलेल्या संगणकावर तो मजकूर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि मग लोक कंटाळून पीडीएफ पाठवू लागतात. पीडीएफ छापायला उत्तम, पण तिच्यात बदल करणे अवघड, आणि ज्या कृतीत बदल करता येत नाही ती माझ्या मते सामायिक कृती नव्हेच. टंकलेखनाचा सराव नसेल तर फोनवरील मराठी कीबोर्डमध्ये बोलून लिहिण्याची सोय आहे. शुद्धलेखन तेवढे नंतर तपासावे लागते.

दुसरी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅप बोलण्यासाठी ठेवावे, साठवणीसाठी नव्हे. गूगल ड्राइव्हवर एक सामायिक फोल्डर करावे. मूळ प्रत सर्वांना वाचता यावी, पण बदल करायचा असेल तर प्रत्येकाने आपली प्रत काढून तिच्यात करावा. मूळ प्रतीत दुरुस्ती दोघा-तिघांनीच करावी. फाइलच्या नावातच इयत्ता, कौशल्य आणि विषय यावा, उदाहरणार्थ ‘आठवी-वर्णन-वाट’. ‘नवीन वर्कशीट अंतिम २’ अशा नावाची फाइल पुढच्या वर्षी कोणालाही सापडत नाही.

तिसरी गोष्ट हक्कांची आहे आणि तिच्याकडे शिक्षकांचे लक्ष कमी असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला एखादी कविता किंवा उतारा उतरवून वापरण्याची सवलत दिली आहे. पण तीच कविता पूर्ण टंकित करून सर्वांसाठी खुल्या फोल्डरमध्ये ठेवणे हे त्याच सवलतीत बसते असे समजू नये. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. म्हणून सामायिक कृतींसाठी संतांचे अभंग, लोककथा, मुलांनी आपल्या आज्यांकडून ऐकून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि मुलांचे स्वतःचे लेखन वापरावे. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याचा फक्त पान क्रमांक द्यावा. आपण तयार केलेल्या कृतीवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ परवाना एका ओळीत लिहावा, म्हणजे नाव नमूद करून ती कोणालाही वापरता आणि बदलता येईल. त्याने श्रेयही राहते आणि दुसऱ्याला परवानगी मागत बसावे लागत नाही.

मुलांचे चेहरे, पूर्ण नावे आणि आवाज खुल्या फोल्डरमध्ये अजिबात टाकू नयेत. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लहान गावात मुलाचे चुकलेले वाक्य त्याच्या नावानिशी फिरू नये, याची जबाबदारी आपली आहे.

अथणीकर – उत्तर

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. वरील सूचना चांगल्या आहेत, परंतु फोल्डर भरले म्हणजे काम झाले असे होऊ नये. तयार कृती हाताशी आली की आपण ती वाचतो, छापतो आणि मुलांपुढे ठेवतो. ती आपल्या वर्गासाठी का निवडली याचा विचार मागे पडतो. शिक्षकाची वाढ होते ती कृती घडवताना, आणि नेमका तोच भाग एका उत्साही माणसावर सोपवून बाकीचे निश्चिंत होतात.

म्हणून माझे मत असे की कृती एकट्याने पूर्ण करून गटात टाकायचीच नाही. पहिल्याने फक्त गाभा मांडावा, म्हणजे मुलांनी काय करायचे आणि त्यातून भाषेचे काय साधायचे. दुसऱ्याने ती आपल्या वर्गात घेऊन पाहावी, तिसऱ्याने त्याच्या अनुभवावरून सूचना नेमक्या कराव्यात. कृतीच्या पानाखाली तक्ता नको, प्रत्येकाने तीन-चार ओळी लिहाव्यात: कोणती इयत्ता, किती मुले, किती वेळ लागला, मुले कुठे अडली आणि आपण काय बदलले. ‘कुठे अडली’ हा भाग लिहायला आपण संकोचतो, पण दुसऱ्या शिक्षकाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. ‘छान झाली, मुलांना आवडली’ एवढ्यावरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

युरोपात ई-ट्विनिंग नावाने २००५ पासून दोन देशांतील शाळा ऑनलाइन एकत्र प्रकल्प करतात. त्यातून आपण एक गोष्ट जरूर घ्यावी: तिथे प्रकल्प सुरू होतो तो किमान दोन शिक्षकांनी मिळून. एकट्याने टाकलेल्या साहित्याला तिथे प्रकल्प म्हणत नाहीत. आपणही कोणतीही कृती किमान दोन वर्गांत होऊन आल्याशिवाय फोल्डरमध्ये कायम करू नये. कृती कमी जमतील, पण ज्या जमतील त्या वापरून पाहिलेल्या असतील.

मलप्रभाकाठ – उत्तर

सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गटातील शिक्षकांना हा संपूर्ण संवाद वाचायला दिला आणि काही गोष्टी ठरल्या.

अथणीकर सरांचा नियम आम्ही स्वीकारला आहे. दोन वर्गांत झाल्याशिवाय कृती कायम होणार नाही आणि प्रत्येक कृतीखाली मुले कुठे अडली हे लिहिले जाईल. फोल्डर तयार झाले आहे. जुन्या पत्रिका त्यात न टाकता ते रिकामेच सुरू करीत आहोत. चिकोडीच्या मॅडमची सूचना सर्वांना पटली, तेव्हा कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनाही गटात घेत आहोत आणि प्रत्येक कृतीचे पान दोन भाषांत असेल. पश्चिम खानापूरच्या सरांना विनंती की एका पानाची मर्यादा पाळली जाते की नाही हे त्यांनीच पाहावे. ज्या कृती त्यांच्या शाळेत घेता येणार नाहीत, त्या आम्ही पुन्हा लिहू.

पहिली कृती नकाशाचीच असेल, मात्र तिच्यात एक भर घालावी असे सुचवते. आमच्या खानापुरात कुंभारकाम आणि कौलांचे काम जुने आहे, निपाणीकडे तंबाखू आहे, कृष्णाकाठी ऊस आहे. वाटेनंतरच्या टप्प्यात मुलांनी गावातील एका कामाची रीत क्रमाने लिहावी, म्हणजे माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत किंवा रोपापासून पान वाळवण्यापर्यंत, आणि ते काम ज्यांनी कधी पाहिलेले नाही अशा दुसऱ्या शाळेतील मुलांनी त्यावरून टप्प्यांची चित्रे काढावीत. कामाच्या नावांसाठी मुलांना घरातील मोठ्यांना विचारावे लागेल, आणि कुंभाराच्या किंवा शेतकऱ्याच्या तोंडचे जे शब्द पुस्तकात कधी येत नाहीत, ते वर्गात लिहिले जातील. ‘आधी, मग, तोवर, झाल्यावर’ अशा क्रम दाखवणाऱ्या शब्दांचा सरावही त्यात होईल, ज्यात माझी आठवीची मुले सध्या सर्वांत कमी पडतात.

माझ्या वर्गाचे वाटेचे वर्णन येत्या शनिवारी निपाणीच्या सरांकडे पाठवते. कन्नड प्रतीचा मसुदा चिकोडीच्या मॅडमनी पाहावा. उसाच्या कामासाठी रायबाग किंवा कागवाडकडील एखाद्या शाळेची तयारी असेल, तर त्यांनी इयत्ता आणि मुलांची संख्या येथे कळवावी.